तिनं वाचायचं, अर्थ कुणी सांगायचा? (लेखनाचा वर्ग आणि वसईच्या मुली)

आगाशीची_जाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतीच वाचनमात्र होते. गेले दोन महिने एक गोष्ट मनात घोळतेय, म्हणून हा धागा काढतेय.

मी मराठी शिकवते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा लेखनकौशल्याचा पेपर माझ्याकडे आहे. आठवड्याला दोन तास, वर्गात चाळीसेक मुलं, त्यात मुलीच जास्त. दहा-बारा जणी वसई-विरारकडच्या कॅथलिक घरांतल्या. मीही त्यांच्यातलीच, केळीच्या वाडीत वाढलेली.

पहिल्या महिन्यात 'माझ्या आयुष्यातील स्त्री' असा अगदी नेहमीचा विषय दिला होता. आलेले निबंध एकावर एक ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखू येईना. 'स्त्री ही त्यागाची मूर्ती आहे.' 'पवित्र मरियेचा नम्रपणा आपण अंगी बाणवला पाहिजे.' वाक्य एकही चुकीचं नाही आणि एकही तिचं स्वतःचं नाही. सगळी प्रवचनातून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातून जशीच्या तशी उचललेली.

मग एक दिवस वर्गात एकीला उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. ती उभी राहिली, पुस्तक छातीशी धरलं, श्वास घेतला आणि वाचायला लागली. वर्ग गप्प झाला. स्वल्पविरामाला किती थांबायचं, वाक्य संपताना मान वर करून समोर कसं बघायचं, सगळं तिला येत होतं. कुठं शिकलीस विचारलं तर म्हणाली, 'मिस्सेला वाचन करते ना, सातवीपासून.' आणखी कोण कोण करतं म्हटल्यावर आठ हात वर झाले.

मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. बायबलमधले यशया, पौलाची पत्रं, स्तोत्रं हे सगळं या मुली तिथं भरल्या चर्चमध्ये वाचतात. मराठी बी.ए.च्या किती मुलींना असा सराव असतो? पण वाचून झालं की ती खाली येऊन बाकावर बसते. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग, धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू वाचतात आणि त्यानंतरचं प्रवचनही त्यांचंच. प्रवचनाबद्दल कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ७६७ व्या कलमात तसं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे सातवीपासून ती शब्द उच्चारतेय, पण 'याचा अर्थ तुला काय वाटतो?' असं तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी दिलेल्या निबंधात ती बाकावर बसल्यासारखीच लिहीत होती.

पुढच्या आठवड्यात मी लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था आणि तिची बहीण मरिया यांची गोष्ट वाचून दाखवली. येशू घरी आलाय, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था एकटी राबतेय आणि शेवटी तक्रार करते. प्रश्न एकच दिला: त्या दिवशी मार्था काय रांधत होती? बोध लिहायचा नाही, तात्पर्य लिहायचं नाही.

एकीनं आजीबद्दल लिहिलं. सणाचा दिवस, घरी फादर जेवायला. आजोबा आणि फादर ओटीवर बोलताहेत, आजी लाल लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून चुलीपुढं. धुरानं डोळे चुरचुरताहेत. दर थोड्या वेळानं ती पळी हातात तशीच धरून दाराआड येऊन उभी राहते, दोन वाक्यं ऐकते आणि परत जाते, कारण खाली लागेल. शेवटी मुलीनं लिहिलं होतं: 'आजीनं ऐकलं नाही असं कोण म्हणेल? तिनं सगळं ऐकलं. फक्त तिचे हात रिकामे नव्हते.'

यावर मी काय केलं ते सांगायची लाज वाटतेय, पण सांगते. सवयीनं लाल पेन घेऊन चौदा शब्दांना गोल केले. रात्री ते पान परत समोर आलं तेव्हा बघितलं, गोल केलेले चौदाच्या चौदा शब्द आजीच्या तोंडचे होते. घरच्या बोलीतले. प्रमाण मराठीतलं जे होतं ते सगळं ओटीवरच्या पुरुषांचं बोलणं होतं, त्याला माझा धक्काही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून कोरी प्रत मागून घेतली आणि माझी चूक वर्गासमोर कबूल केली. पण प्रश्न सुटलेला नाही. इथं शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. बोलीचं तुम्ही काय करता? गुण कसे देता? आणि मुलींना असं वाटू न देता की आपण चर्चच्या विरुद्ध काही करतोय, अर्थ लावायला कसं शिकवता?

कोरा_कागद

जाई, 'फक्त तिचे हात रिकामे नव्हते' हे वाचून थोडा वेळ थांबलो.

मी पुण्यात शिकवतो. माझ्या वर्गात कॅथलिक मुली नाहीत, पण दुखणं तेच आहे. वारीवर लिहा म्हटलं की तीस निबंधांत 'भक्तीचा महासागर' असतो आणि आईबरोबर खरोखर चालत गेलेल्या मुलीच्या निबंधात सुद्धा आईच्या पायाचे फोड नसतात.

मी एक नियम केलाय. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवायचं नाही. फक्त दोन खुणा: जिथं मला पुढं वाचावंसं वाटलं तिथं समासात रेघ आणि जिथं कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यावर. तुम्ही गोल केलेल्या चौदांपैकी किती शब्द तुम्हाला कळले नाहीत?

आगाशीची_जाई

एकही नाही. सगळे माझ्याच घरातले होते.

तर्कनिष्ठ

चर्चा चांगली आहे, तरीही एक शंका मांडतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयात बायबलचा उतारा अभ्यासाला देणं मला पटत नाही. उद्या दुसरा कुणी आपल्या धर्माचा देईल. शिवाय विद्यार्थिनीनं स्वतःच्या श्रद्धेबद्दल लिहायचं आणि शिक्षिकेनं त्याला गुण द्यायचे, यात सत्तेचा प्रश्न आहे. मुलगी 'नको' म्हणू शकते का?

आगाशीची_जाई

तर्कनिष्ठ, शंका रास्त आहे. सत्तेची बाजू मी मांडायला हवी होती.

उतारे तीन दिले होते, त्यातला कुठलाही एक घ्यायचा. दुसरा जनाबाईचा अभंग होता आणि तिसरी एक लोककथा. एका भंडारी मुलीनं जनाबाई घेऊन वटपौर्णिमेला फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मावशीवर लिहिलं, तिचा नवरा दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलाय. एका मुस्लिम मुलीनं लोककथा निवडली. आणि एका कॅथलिक मुलीनं स्वच्छ सांगितलं, 'मॅडम, मला धर्मावर लिहायचं नाही.' तीही जनाबाईकडे गेली आणि सुंदर लिहिलं. गुण श्रद्धेला नाहीतच. दिसतं का, ऐकू येतं का, वाक्य तुमचं आहे का, एवढंच मी बघते.

पण एका ठिकाणी असहमत आहे. ज्या मजकुरावर या मुलींचं बालपण घडलंय तो वर्गाबाहेर ठेवला तर त्यांनी लिहायचं कशाच्या आधारानं? उसन्या विषयावर उसनीच वाक्यं येणार.

म्हापशाची_माय

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे मराठी आणि कोंकणी दोन्ही घरात होतं, मिस्सा कोंकणीतून.

जाईताई, तुम्ही चर्चमधला बाक दाखवलात, मी घर दाखवते. संध्याकाळी आंजेलची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की सगळ्यांनी घरात यायचं आणि लहानांनी मोठ्यांकडून बेसांव घ्यायचं, म्हणजे आशीर्वाद. मग तेर्स, तुमच्याकडची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. आमच्या घरी तेर्स कायम माझ्या आईनं चालवलं. बाबा घरात असले तरी. कुठलं रहस्य (येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग) आज, कुणासाठी प्रार्थना, बोटीवर गेलेल्या काकांचं नाव कधी घ्यायचं, आजारी शेजाऱ्याचं कधी, हे ती ठरवायची. शेवटी स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्यं बोलायची. ते प्रवचनच होतं की! फक्त त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं.

म्हणून 'स्त्रीला अर्थ सांगायला जागा नाही' हे मला अर्धंच खरं वाटतं. जागा होती, ती चार भिंतींच्या आत होती आणि कागदावर आली नाही. तुमच्या मुलींना विचारा, घरी रोझरी कोण चालवतं?

पाचूबंदर

मी वसईचा, आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, धर्मशिक्षण शिकवतो. धागा आदरानं लिहिलाय म्हणून प्रतिसाद देतोय. काही गोष्टी पुढं ठेवतो, चित्र एकाच बाजूचं राहू नये म्हणून.

स्त्रियांनी मिस्सेत वाचन करणं कित्येक वर्षं चालू होतं, पण 'वाचक' ही अधिकृत सेवा कायद्यानं पुरुषांपुरतीच होती. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये ते कलम बदललं. वेदीसेवेला, म्हणजे मिस्सेत धर्मगुरूंच्या मदतीला उभं राहायला, मुलींना १९९४ मध्ये परवानगी मिळाली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांना घेण्याची मुभा २०१६ ची. त्याच वर्षी येशूची शिष्या मारिया माग्दालेना हिचा २२ जुलैचा दिवस प्रेषितांच्या सणाच्या बरोबरीला आणला गेला. २०२३ च्या रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, ५४ स्त्रियांना मताधिकार होता.

याजकीय दीक्षा, म्हणजे धर्मगुरूपद, फक्त पुरुषांनाच, ही चर्चची शिकवण १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्पष्ट केली आहे, ती मी मानतो. धागा त्या वादात गेला तर मुलींचं लेखन मागे राहील असं वाटतं.

आगाशीची_जाई

पाचूबंदर, मनापासून आभार. दीक्षेचा प्रश्न मला या धाग्यात नकोच आहे. तो क्षुल्लक आहे म्हणून नव्हे, तर त्याचं नाव काढलं की सगळे आधीच ठरलेली वाक्यं बोलू लागतात, दोन्ही बाजूंचे. माझ्या वर्गात मला नेमकं तेच मोडायचंय.

एक तुम्हाला विचारते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना उतारा दिल्यावर पहिला प्रश्न कुठला असतो?

पाचूबंदर

'यातून आपण काय शिकतो?' हाच असतो. वीस वर्षं हाच विचारतोय. तुमचा प्रश्न वाचल्यापासून त्यावर विचार चालू आहे.

हडसनकाठी

अमेरिकेत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला लेखन शिकवते. इथं हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा असतो, भावी परिचारिका आणि भावी अभियंते एकाच वर्गात. जेझुइटांच्या शिक्षणात वक्तृत्वाला मान फार जुना. त्यांचा अभ्यासक्रम १५९९ मध्ये पक्का झाला, त्यात व्याकरणानंतरचा वरचा वर्ग वक्तृत्वाचाच होता. अर्थात तेव्हा तो मुलग्यांसाठी.

माझ्या वर्गात मेक्सिकन घरांतल्या मुली बऱ्याच असतात. त्यांना मी सोर हुआना वाचायला देते. सतराव्या शतकातली मेक्सिकोतली धर्मभगिनी, कवयित्री, मठातल्या खोलीत पुस्तकांचा मोठा संग्रह. १६९० मध्ये पुएब्लाच्या बिशपांनी तिचं एक धर्मशास्त्रीय टिपण परस्पर छापलं आणि सोबत 'सिस्टर फिलोतेआ' असं बाईचं नाव घेऊन तिला जाहीर पत्र लिहिलं: लौकिक विद्या सोड, धर्मग्रंथांकडे वळ. मार्च १६९१ मध्ये तिनं उत्तर दिलं. त्यात ती स्वयंपाकघरात जाते! तुपातेलात टाकलेलं अंडं धरून राहतं आणि पाकात टाकलं की फुटतं, असं चुलीपाशी बघून काय काय कळतं ते सांगते. मग म्हणते, ॲरिस्टॉटलनं स्वयंपाक केला असता तर त्यानं आणखी पुष्कळ लिहिलं असतं.

तुमच्या विद्यार्थिनीची आजी पळी घेऊन दाराआड उभी राहिली तेव्हा मला हेच आठवलं. सोर हुआनाचं पुढं काय झालं तेही मी वर्गात लपवत नाही. काही वर्षांतच तिचं लेखन थांबलं, पुस्तकं गेली आणि १६९५ मध्ये साथीत आजारी भगिनींची शुश्रूषा करताना ती वारली.

बोलीबद्दल: मुली स्पॅनिश शब्द मध्येच घालतात, मी ते तसेच ठेवायला सांगते. अट एकच, शेजारच्या वाक्यावरून वाचणाऱ्याला अर्थ लागला पाहिजे. कंसात अर्थ द्यायचा नाही. कंस दिला की आजी पाहुणी होते.

सुकेळी

जाई, मी तुमच्याच पट्ट्यातली. माझी आजी वाडीतली भाजी आणि केळी घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला विकायला जायची. तिच्यावर कुणी निबंध लिहील असं तिला वाटलंही नसतं. धागा आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, 'दाराआडून ऐकणारी आजी प्रत्येक घरात होती.'

जुनी_पाटी

मी सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका आहे आणि धर्मभगिनी आहे. टंकलेखनाला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, आमची डोकी पदरानं झाकलेली. आई आणि तिच्या बाजूच्या बायका ते काही कळत नाही म्हणून आपली माळ ओढत बसायच्या, ओठ हलताना दिसायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली. पहिल्यांदा मराठीतून मिस्सा ऐकली तेव्हा आई घरी येताना वाटेत म्हणाली, 'म्हणजे हे आपल्याशीच बोलत होते होय?' हे वाक्य मी साठ वर्षं जपलंय.

आता लेखनाचं. आमच्या प्रत्येक मठात रोजनिशी ठेवतात. आज कोण आलं, कोण आजारी पडलं, शाळेचा निकाल काय लागला. मी अकरा वर्षं ती लिहिली. त्यात 'मी' हा शब्द एकदाही नाही. 'आज एका भगिनीला ताप आला' असं लिहिलंय, ती भगिनी मीच होते. कुणी मनाई केली नव्हती. तशी रीतच होती आणि रीत मला नम्रतेची वाटायची. आजही तिचा राग नाही. पण या धाग्यावरून असं वाटलं, की आमच्यातल्या किती जणींची उभी आयुष्यं 'एका भगिनीला' या दोन शब्दांत मावून गेली.

आविलाच्या संत तेरेजांना त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीच आत्मचरित्र लिहायला सांगितलं होतं. पुढं ते हस्तलिखित इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे, गेलं. आणि १९७० मध्ये त्याच तेरेजांना चर्चनं 'डॉक्टर' म्हणजे धर्माचार्य ठरवलं, ही पदवी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आठवड्याभरातच सिएनाच्या कॅथरीन दुसऱ्या झाल्या. तेव्हा लिहिणाऱ्या मुलीला आपण चर्चच्या बाहेर चाललोय असं वाटायचं कारण नाही. तिला हे सांगा.

आणि मार्थेवर अन्याय करू नका. योहानाच्या अकराव्या अध्यायात, भाऊ मेल्यावर, 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' असं मार्थाच म्हणते. येशूचा शिष्य पेत्र यानं म्हटलं तेच. पेत्राचं सगळ्यांना पाठ आहे.

कोरा_कागद

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचा पंथ वेगळा, प्रॉटेस्टंट, पण त्याही घरात बोलतात तशाच लिहीत गेल्या. मराठी वाचकाला ख्रिस्ती बाईचा आवाज म्हणून एकच 'स्मृतिचित्रे' ठाऊक आहे. वसईच्या वाडीतला आवाज त्याहून निराळा आहे, हे मला या धाग्यावर कळलं.

आगाशीची_जाई

सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. आता पुढची हकीकत.

म्हापशाच्या माय, तुमचा प्रश्न वर्गात विचारला. दहापैकी नऊ घरांत रोझरी आई किंवा आजी चालवते. एकीकडे आजोबा, कारण आजी नाही.

यावेळी उतारा लूकच्या तेराव्या अध्यायातला दिला. अठरा वर्षं कमरेत वाकलेली, सरळ उभी राहूच न शकणारी बाई. येशू तिला आपणहून हाक मारतो. वाचनं करणाऱ्या मुली चकित. 'मॅडम, ही गोष्ट आम्ही कधी ऐकलीच नाही.' कशी ऐकणार? ती रविवारच्या वाचनांत नाही. सोमवारच्या वाचनात येते आणि सोमवारी सकाळी या मुली गाडीला लोंबकळत असतात.

त्यावर एकीनं पणजीबद्दल लिहिलं. पणजी वाडीत रोपं लावायची, बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी, मग डोक्यावर पाटी, मग गाडी. म्हातारपणी तिची पाठ काटकोनात वाकली होती. मुलीनं तिला लहानपणी पाहिलंय आणि तिला पणजीचा चेहरा आठवतो तो खालूनच, कारण पणजीच्या चेहऱ्याकडे बघायचं तर जमिनीवर बसावं लागायचं. 'येशूनं तिला हाक मारली तेव्हा तिला त्याचे पायच दिसले असतील,' असं वाक्य आहे. मी पंचवीस वर्षं हा उतारा ओळखते. हे मला कधी सुचलं नव्हतं.

यावेळी हातात पेन्सिल होती. समासात सहा रेघा, एक प्रश्नचिन्ह. बोलीतले शब्द जागच्या जागी आहेत, कंस नाहीत. गुणांचं अजून अडतंय. अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात शुद्धलेखनाचा रकाना भरावाच लागतो. मी तो 'अंतिम खर्ड्यातील निवेदनाची भाषा' एवढ्यापुरता धरला, संवाद वगळून. विभागात यावर चर्चा झाली, सगळ्यांना पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत परत मांडणार आहे.

आणि एक. ही मुलगी आपला लेख घेऊन स्वतःच फादरांकडे गेली. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाचला आणि महिला मंडळाच्या सभेत वाचशील का, असं विचारलं. मिस्सेत नव्हे, मिस्सेनंतर, हॉलमध्ये. तिचा काल रात्री फोन आला होता, 'मॅडम, तिथं सगळ्या आपल्याच बायका असणार. मग निवेदनसुद्धा घरच्या बोलीत केलं तर?'

मी म्हटलं, कर.

पाचूबंदर

पुढच्या रविवारी माझ्या वर्गाला वाकलेल्या बाईची गोष्ट देतोय. प्रश्न बदललाय: तिला काय दिसत होतं?

जुनी_पाटी

सभा कुठल्या रविवारी आहे? मी येईन. गुडघे दुखतात, तेव्हा हॉलला पायऱ्या किती आहेत तेही कळवा.

सुकेळी

सिस्टर, मी आणि आई रिक्षानं तुम्हाला घेऊन जाऊ. जाई, तारीख इथंच टाका.